निळ्या गवताची कॅसेट

कुवेतमधल्या वस्तूंच्या पोटात काय आहे हे आमच्या एक्स-रेवाल्यांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्या वस्तू बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. ते आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते आणि मी तिथेच औषधांच्या खिडकीमागे बसत असे. मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही नवरा-बायको दुसऱ्या, त्यामुळे त्यांच्यापासून सुटका अशी नव्हतीच. त्यांना रीतसर नाव होतं, पण इजिप्तच्या म्हणजे मिसरी डॉक्टरांपासून केरळच्या नर्सांपर्यंत सगळे त्यांना ‘एक्स-रे’ म्हणत आणि आम्ही मराठी माणसं आदरानं मागे ‘वाले’ लावत असू. चाळिशी उलटली तरी लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, राहून गेलं. दुसऱ्याच काहीतरी चौकशीत होतो.”

चौकशी हा त्यांचा धर्म होता. टॅक्सीत बसले की भाडं ठरवायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचे, उन्हाळ्यात टायरमधली हवा किती कमी ठेवतोस. भर ऑगस्टमध्ये, बाहेर पाय ठेवला तर चप्पल डांबराला चिकटेल अशा दुपारी, त्यांनी स्वतःच्या घरातला चांगला चालणारा एअरकंडिशनर उघडला होता. ‘चालतो म्हणजे नक्की काय करतो’ हे त्यांना बघायचं होतं. तो परत जोडून होईपर्यंत चार दिवस ते आमच्याकडे झोपायला होते. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, हाडं राहत. एकदा बाजारात एका धिप्पाड कुवेती गृहस्थाला त्यांनी अडवलं आणि मोडक्यातोडक्या अरबीत डाव्या बाजूच्या तिसऱ्या बरगडीची खुशाली विचारली. तो गृहस्थ आधी दचकला, मग त्यानं आम्हा दोघांना दुकानात नेऊन चहा पाजला. कलिंगड ते कधी टकटक करून घेत नसत. दोन-तीन घ्यायचे, हॉस्पिटलात न्यायचे आणि दुपारी गर्दी ओसरली की एकेकाची फिल्म काढायचे. पिकलं आहे की नाही हे त्यातून काही कळत नसे, पण बिया कुठे कुठे आहेत हे मात्र आम्हाला कापायच्या आधीच कळे.

आणि लेबल! लेबल या गोष्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. स्वयंपाकघरात एकसारखे चौदा डबे, एकावरही काही लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे चहा प्यायचा म्हणजे जिवावरच बेतायचं. एकदा आम्ही मीठ घातलेला चहा मुकाट्यानं संपवला आणि नंतर कळलं की तेही तो मुकाट्यानंच पीत होते. माझ्या बायकोनं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून द्यायची तयारी दाखवली, तर चक्क घाबरले. “नको, नको! लेबल लावलं की माणूस झाकण उघडत नाही, वहिनी. त्याला वाटतं, आपल्याला कळलं.” हे त्यांचं तत्त्वज्ञान मला त्या वेळी निव्वळ आळशीपणाचं पांघरूण वाटलं होतं. पुढे त्यांना त्याची जी किंमत मोजावी लागली, ती बघून मात्र माझं हसू मावळलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. घरी फोन लावणं म्हणजे दिव्यच, आणि पत्र लिहायचं तर वाचणारं कुणी हवं. म्हणून आखातातल्या आमच्यासारख्यांनी एक सोय शोधून काढली होती: बोललेली कॅसेट. गावी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत दहा घरच्या दहा कॅसेटी असत. त्यांत कुणी बायकोला धीर देई, कुणी मुलांना पाढे म्हणायला लावी. एक्स-रेवाल्यांची आई रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, एका लहानशा गावात एकटी राहत असे. तिला त्यांनी बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर पाठवला होता आणि मायलेकांत एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करत होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हे. नवं बोललं की जुनं पुसलं जाई. नवी कॅसेट घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण आलेली चीजवस्तू रिकामी परत पाठवू नये, असा आईचा दंडक होता.

बोललं असं म्हणायचं, इतकंच. हे आपल्या बाजूवर आईला फ्रिजची घरघर, वाळूच्या वादळात खिडकी कशी वाजते ते आणि लिफ्टचं दार ऐकवत आणि प्रत्येक आवाजाआधी रेडिओवरच्या निवेदकासारखे गंभीर सुरात सांगत, “आई, आता ऐक, हा बकऱ्यांचा बाजार.” आईचा प्रकार याहून वरचा होता. यंत्रापुढे बोलायची तिला भारी लाज. ती बटण दाबून टेप ओटीवर ठेवी आणि आपल्या कामाला लागे. अर्धा तास विहिरीचा रहाट कुरकुरे, उखळात मुसळ पडे, कोंबड्या भांडत, मधेच ती कुणाला तरी नारळ मोजून देई. आणि शेवटी, अगदी जवळून, तिचं एकच वाक्य येई: “आता हे बंद कसं करायचं गो?” ते शेजारणीला उद्देशून असे. दर खेपेला हेच. बटण दाबून चालू करणारी बाई बंद करायला मात्र कधी शिकली नाही. एक्स-रेवाले ती बाजू डोळे मिटून ऐकत आणि आम्हाला सांगत, “रहाटाला तेल नाही घातलेलं. शेजारचा कोंबडा बदलला.”

अशात एके दिवशी एक उंच, लालबुंद अमेरिकन माणूस हाताचं बोट सुजवून एक्स-रे काढायला आला. गाडीच्या दारात सापडलं होतं. हाड शाबूत होतं. दुसरा कुणी असता तर फिल्म देऊन मोकळा झाला असता, पण यांनी विचारलं, बोटाचं काम काय? तो म्हणाला, बँजो वाजवतो. पाच जणांचा ताफा होता त्यांचा, देशोदेशी गाणी वाजवत फिरत होते आणि परवा इथल्या एका इंग्रजी शाळेच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. कसली गाणी? ब्लूग्रास. म्हणजे निळं गवत? हो, आमच्याकडे असतं तसलं गवत. गुरं खातात का? खातात. दूध निळं येतं का? तो माणूस हसत सुटला आणि म्हणाला, बोटाचं सोडा, बँजोच कुठेतरी खरखरतोय. झालं! दुसऱ्या दिवशी तो बँजो आमच्या हॉस्पिटलात टेबलावर उताणा निजला होता. फिल्ममध्ये स्वच्छ दिसलं, मागच्या गोल पेटीत एक नट सुटून पडला होता. पेटीचे चार स्क्रू काढले असते तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसला असता, असं मी म्हणालो. ते म्हणाले, “उघडून काय, कुणीही बघेल.” ती फिल्म चुकून रोजच्या गठ्ठ्यात गेली आणि आमच्या मिसरी डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ विचार केला. मग त्यांनी मला हळूच विचारलं, “हा पेशंट अजून जिवंत आहे?”

नट निघाला म्हणून आम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. एक्स-रेवाल्यांनी आपल्या टेपमध्ये एक कोरी कॅसेट घातली होती, कारण साठ मिनिटं तरी लागणार होती आणि आईची बाजू पुसायची नव्हती. बँजो, गिटार, व्हायोलिन, मँडोलिन आणि माणसाहून उंच एक तंतुवाद्य. सगळ्यांत मिळून मायक्रोफोन एकच. ज्याची पाळी तो पुढे येई, बाकीचे अंग चोरून मागे सरकत आणि इतकं धावतं वाजवत असूनही कुणी कुणाला धडकत नसे. मी गाणं ऐकत होतो, एक्स-रेवाले ते सरकणं बघत होते. टेपच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत होते, “आई, उंच मागे गेला. आता बुटका पुढे आला. दाराशी खूप माणसं आली की तू वाट करून देतेस ना, तसं चाललंय.” आजूबाजूचे गोरे लोक ‘शूऽऽ’ करत होते. अर्धा तास झाला आणि टेप खटकन थांबला. हे भर गाण्यात उभे राहिले, हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, “वन मिनिट! साइड चेंज!” आणि काय सांगू, बँजोवाल्यानं साथीदारांना खूण केली, पाचही जण थांबले, सभागृह हसायला लागलं, यांनी कॅसेट उलटी करून बसवली, मान हलवली, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

कार्यक्रम संपल्यावर बँजोवाला कपाळाला हात लावून आला. या दौऱ्याची रेकॉर्ड काढायची म्हणून ते प्रत्येक गावी स्वतःच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण करत होते. इथे कुणीतरी ते अमेरिकेच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारं यंत्र सरळ आपल्याकडच्या विजेला जोडलं आणि त्यातून धूर निघाला. कुवेतचा कार्यक्रम आता फक्त एकाच माणसाकडे होता. एक्स-रेवाले तात्काळ म्हणाले, “घेऊन जा. मी आईला दुसरं काहीतरी ऐकवीन.” सकाळी तो ताफा विमानानं पुढच्या देशाला जाणार, तेव्हा त्याआधी कॅसेट हॉटेलवर पोचवायची ठरली. योगायोगानं त्याच सकाळी अर्दियाच्या गोदामात काम करणारे दापोलीकडचे एक भाई गावी निघाले होते आणि आईची कॅसेट त्यांच्याबरोबर जायची होती. दोन कॅसेटी, दोन्ही एकाच छापाच्या, दोन्ही एक्स-रेच्या जुन्या खाकी पाकिटांत. लेबल अर्थातच कुठेही नाही.

काय झालं ते कळायला अडीच महिने लागले. भाई परत आले ते हसतच. “तुमच्या आयला जाम आवडला ओ ते गाणं! गावातली जाखडी नाचणारी पोरं रोज ओटीवर. तुमच्या आयनं सांगितलान, ह्याच्यावरचं पुसायचं नाय, नवीन कॅसेट पाठव. आणि त्या लोकांना सांग बोलली, जरा मधे मधे दम खा.” एक्स-रेवाले खूष झाले, मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे रहाट, कोंबड्या आणि फ्रिजची घरघर अमेरिकेला गेली होती. आम्ही हसून हसून बेजार झालो. त्यांनी त्या संध्याकाळी नवी कोरी कॅसेट आणली आणि पहिल्या जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. ती पोचायच्या आधी आई गेली. गणपती नुकतेच झाले होते. विहिरीवरून आली, ओटीवर बसली आणि पुन्हा उठली नाही.

ते गावी जाऊन आले. रजेवरून परतल्यावर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते जमिनीवर बसून सगळ्या कॅसेटी एकेक करून लावून बघत होते. आईला ऐकवायचे आवाज ते आधी वेगळ्या कॅसेटींवर टिपून ठेवत, त्या शंभरावर असतील. मासळीबाजार, मशिदीजवळची कबुतरं, आमच्या घरचा कुकर, मी शिंकतो ते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अख्खं कुवेत आहे इथे. आई नाही.” जी एकच बाजू तिची होती ती आपल्याच हातानं आपण परक्या माणसांना देऊन टाकली, एवढंच ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं त्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांनी त्या लावू दिल्या.

बँजोवाल्याचा पत्ता कुणाकडे होता? ज्या शाळेत कार्यक्रम झाला तिथे मी त्यांच्या वतीनं पत्र लिहून दिलं. शाळेनं ते पुढे कुठे पाठवलं देव जाणे. आम्ही आशा सोडली होती. जवळजवळ वर्षानं एक मोठं चौकोनी पार्सल आलं. आत कॅसेट नाही, रेकॉर्ड. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की तुमचं पत्र फार हिंडून आलं, मूळ कॅसेट मुद्रणाच्या खटपटीत कुठे गेली ते सापडत नाही, त्याबद्दल क्षमा. आमचा कार्यक्रम तुम्ही ठेवून घेतलात आणि बदल्यात तुमच्या गावचं वादन दिलंत, असंच आम्ही धरून चाललो होतो. त्यातलं ते कुरकुरणारं वाद्य कोणतं, हे आम्हा पाचांपैकी कुणालाही ओळखता आलं नाही, पण ते सोडवेना.

रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मिरकाबमध्ये कुणाकडे मिळेना, तेव्हा शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी आम्ही मंगफला माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरकडे गेलो. वाटभर ती रेकॉर्ड यांच्या मांडीवर होती. पहिली बाजू झाली, दुसरी लागली. कुठल्या कुठल्या गावच्या टाळ्या, तो धावता बँजो, आता त्यात खरखर नव्हती. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या विरल्या, आणि मग त्या खोलीत रहाट कुरकुरला. बादली कठड्याला लागली. दूर कोंबडा आरवला. एक्स-रेवाले पुढे झुकून हळूच म्हणाले, “शेजारचा नवा कोंबडा.” आणि मग अगदी जवळून, त्या अमेरिकन रेकॉर्डच्या शेवटाला, त्यांची आई म्हणाली, “आता हे बंद कसं करायचं गो?”

पुढे काही नव्हतं. सुई शेवटच्या रेघेत टिकटिकत फिरत राहिली. आमच्या यजमानांनी सवयीनं ती उचलायला हात पुढे केला, तर एक्स-रेवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं. “राहू दे जरा,” ते म्हणाले, “तिलाही कधी जमलं नाही.” यजमानांनी हात मागे घेतला, आणि ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत आम्ही तिघं ती सुई नुसतीच फिरताना ऐकत बसलो.