जानकूचं काय झालं असेल

नारायणगावात दादाभाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार उघडून पाहिल्याशिवाय काय जळालंय ते सांगत नाहीत. शेतकरी कितीही घाईला आला तरी नाही. रविवारी मात्र ते वारूळवाडीच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत उपदेश करतात. तिथे ही शिस्त जरा सैल असते.

इंग्लंडातल्या एका अँग्लिकन धर्मपंडितांच्या पुस्तकाचं भाषांतर हाती आलं आणि त्यांचा उपदेश बदलला. उपदेशकाने पदरचं काही घालू नये, बायबलच्या वचनात आहे तेवढंच उलगडावं, असं पंडितांचं म्हणणं. पूर्वी दादाभाऊ मधूनच बिबट्याच्या गोष्टी सांगत. त्या बंद झाल्या. मंडळीला बिबट्या आवडायचा, पण देशोदेशींच्या मंडळ्यांनी पंडितांचं ऐकलं होतं. वारूळवाडीनेच का मागे राहावं?

बयाबाई महाळुंगे पडवळहून येत. नवरा जानकू त्यांना मोटरसायकलवर आणी आणि उपासना संपेपर्यंत बाहेर चिंचेखालच्या दगडावर तंबाखू मळत बसे. बाप्तिस्मा त्याने घेतला नाही. रविवारही चुकवला नाही. गेल्या वर्षी तो वारला. दहाव्यानंतर बयाबाईंनी विचारलं, "दादाभाऊ, आमचं ह्ये आता कुठं असतील रं?"

दादाभाऊ तेव्हा पंडितांच्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात होते. ख्रिस्ताखेरीज तारण नाही, कुणाचा उद्धार नाही, असं तिथे खणखणीत लिहिलं होतं. त्यांनी तेच सांगितलं. पदरचं काही घातलं नाही.

बयाबाई पुन्हा आल्या नाहीत. "आणायला कुणी नाय ना आता," मंडळी म्हणाली. दादाभाऊंनीही मान डोलावली. कारण सोयीचं होतं.

मग शेवटचं प्रकरण आलं. तारण ख्रिस्तातच, हे तिथेही कायम होतं. पण बाहेर राहिलेल्यांचं देव काय करतो, यावर पंडितांनी लिहिलं होतं: मला ठाऊक नाही, ते देवाने स्वतःकडे ठेवलं आहे. त्या दिवशी दादाभाऊंच्या हातून एक कॉइल धड गुंडाळली गेली नाही. संध्याकाळी ते महाळुंग्याला गेले.

बयाबाई कांदा निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं.

"येवडा शिकलेला मानूस म्हनतो, ठावं नाय?"

"हो, मावशी."

"आन् तुला बरं ठावं व्हतं!"

"चुकलं माझं."

"आमच्या ह्यांची मोटार जळली तवा दोन दिस बसवून ठेवलंस. म्हनं, उघडल्याबिगर सांगनार नाय." त्यांनी एक सडका कांदा बाजूला फेकला. "रविवारी न्यायला ये. पन मी भायेर बसनार."

आता दर रविवारी दादाभाऊ त्यांना घेऊन येतात. त्या जानकूच्या दगडावर बसतात. 'आत या' म्हणायची दादाभाऊंची अजून छाती झालेली नाही. ते खिडकी उघडी ठेवतात आणि जरा मोठ्याने बोलतात. परवा उपदेशात बिबट्या परत आला. बयाबाई हसल्या की नाही, ते आतून दिसत नाही.