सेफ्टीकाकांच्या गाडीतली रिकामी जागा

सेफ्टीकाका गाडीत बसण्याआधी तिला एक प्रदक्षिणा घालायचे. चाकं बघायची, वाकून खाली तेल सांडलंय का ते बघायचं, आरसे पुसायचे, मग दार उघडायचं. दोह्याजवळच्या अल रय्यानच्या आमच्या कंपाउंडात भर उन्हात हा माणूस आपल्या पांढऱ्या गाडीभोवती फिरतोय आणि सावलीत उभ्या काकू "झालं का दर्शन?" म्हणून विचारतायत, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मी तर त्यांच्या तोंडावर हसायचे. ते म्हणायचे, "हस तू. हसणाऱ्यांचेच फोन येतात मला."

काका मूळचे नाशिकचे, म्हणजे माझ्याच गावचे. इथे गॅसच्या प्लांटवर सेफ्टीचे मोठे साहेब होते, आणि त्याआधी आठ वर्षं कझाकस्तानात काढलेली. तिथल्या थंडीत गाडी कशी चालवायची हे त्यांना माहीत होतं, आणि आम्हाला ते माहीत नाही याचा त्यांना फार त्रास व्हायचा.

कारण दोह्यातली आपली माणसं डिसेंबरात उठून जॉर्जियाला जातात. विमान जवळचं, व्हिसाची कटकट नाही, पोरांना बर्फ बघायचा असतो. तिथे उतरलं की भाड्याची गाडी. वर्षभर सरळसोट सपाट रस्त्यावर गाडी हाकणारे आम्ही, एकदम बर्फातल्या घाटात. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला काका घरी बोलावून चहा पाजायचे आणि तासभर पिडायचे. टायर हिवाळ्याचेच आहेत ना, ते स्वतः हात लावून बघा. उतारावर ब्रेक दाबत बसू नका, गिअर खाली घ्या. दार उघडताना वारा असेल तर दोन्ही हातांनी धरा. आणि काच धुवायच्या टाकीत साधं पाणी घालू नका. यावर त्यांचा आवाज चढायचा. "इथे तुम्ही नळाचं पाणी ओतता, धूळ जाते, खलास. तिथे ते काचेवर पडलं की दगड होतं. गाडी भाड्याची असते, हाडं स्वतःची असतात."

गेल्या डिसेंबरात आम्हीच त्यांच्याबरोबर गेलो. काका-काकू, मी, नितीन आणि आमची नऊ वर्षांची रेवा, मिळून एक मोठी गाडी. मला वाटलं, साक्षात काकाच चालवणार म्हटल्यावर काळजी कसली? बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलानं काच सारखी बरबटत होती. काच धुवायची टाकी रिकामी झाली, तेव्हा पेट्रोल पंपावर काकांनी स्वतः बॉनेट उघडलं आणि पिण्याच्या पाण्याची बाटली तिच्यात ओतली. मी शेजारच्या सीटवरून बघत होते. म्हटलं, बाटलीत भरून आणलेलं खास औषध असेल. काकांना विचारायचं म्हणजे आचाऱ्याला मिठाचं विचारण्यासारखं.

घाटात पुढच्या ट्रकनं चिखल उडवला. काकांनी स्टिअरिंगजवळची वायपरची कांडी ओढली, काचेवर पाणी आलं आणि बघता बघता ती पांढरी झाली. समोर काही म्हणजे काही दिसेना. मागे तिघंही झोपलेले. काकांचा पाय होता तिथेच होता, गाडी चालतच होती, आणि त्यांनी मला बारीक आवाजात विचारलं, "आता काय करायचं असतं गं?"

त्यांनीच शिकवलेलं मी त्यांना सांगितलं. पाय काढा, ब्रेक नको, गिअर खाली. मी माझ्या बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि कडेची जागा दाखवत गेले. बर्फाच्या ढिगाला अलगद टेकून गाडी थांबली; मागच्यांची झोपही मोडली नाही. दुसऱ्या बाजूला दरी होती. काकांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "पाणी मी घातलं?" मी हो म्हटलं. "हल्ली असं होतंय. हिला सांगू नकोस. प्लांटवर कळलं तर गाशा गुंडाळावा लागेल. थोडे दिवस दे मला."

मी कबूल केलं. काकांची पाठ धरलीय असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि उरलेले दिवस गाडी नितीननं चालवली.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातं. दर शुक्रवारी उम्म सलाल मोहम्मद या गावी एका ताईंच्या घरी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. आमच्याकडची पाच पोरं काकाच गाडीतून न्यायचे. परत आल्यावर मी रेवाला पाठवणं बंद केलं. पोहण्याचा क्लास लागलाय म्हणून सांगितलं. "बट आय लाइक गोइंग विथ काका," असं ती कुरकुरायची, आणि मी तिला गप्प करायचे. उरलेली चार पोरं जात होती. मी खिडकीतून बघायचे. शेजारची मीनल हात हलवून आपल्या लेकाला निरोप द्यायची आणि मीही वरून हात हलवायचे. असे सहा शुक्रवार. माझी तेवढी मी बाजूला काढली होती, आणि काकांना शब्द दिलाय ना, अशी स्वतःची समजूत घालत होते. शब्द कसला? मला वाईटपणा घ्यायचा नव्हता.

सातव्या शुक्रवारच्या आदल्या दुपारी काका घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"रेवा का येत नाही?"

"काका, तो पोहण्याचा..."

"ते राहू दे. तुला माझ्या गाडीची भीती वाटते. बरोबर आहे, वाटायलाच पाहिजे. मला फक्त एवढं सांग, मीनलचा मुलगा त्याच गाडीत कसा काय चालतो तुला?"

रागावले असते तर रडून मोकळी झाले असते, पण ते प्लांटवर चौकशी करत असल्यासारखे शांतपणे विचारत होते. शेवटी म्हणाले, "माझं डोकं चालत नाही म्हणून मी त्यांना नेत राहिलो. तुझं तर चालतंय." मग त्यांनी तिथेच बसून पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, माझी तब्येत बरी नाही, उद्यापासून मुलांची दुसरी सोय करावी. दोनदा वाचून पाठवलं. आपल्याला विसरायला होतंय हे काकूंना त्याच संध्याकाळी सांगितलं. माझं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही, आणि मीनलला आजही काही माहीत नाही.

चार महिन्यांनी ते दोघं कायमचे नाशिकला गेले. विमानतळावर नितीनला मिठी मारली, रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. मला नुसतं "येतो" म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता.

परवा काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. काका वाळलेत, पण मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अगं, किती दिवसांनी. रेवा कशी आहे? तिला घेऊन ये, मी फिरवून आणतो," असं लेकीशी बोलावं तसं बोलत राहिले. त्यांनी मला माफ केलंय, की ते सगळं विसरून गेलेत? काकूंना विचारलं असतं, तर आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो काका, आणते."