आरीचं तेल येईपर्यंत

मे महिन्यातल्या वादळात उत्तरेतल्या आमच्या प्रेम नगरच्या घरापुढचा कडुनिंब व्हरांड्याच्या चॅनल गेटवर, म्हणजे सरकत्या लोखंडी जाळीच्या दारावर, आडवा झाला. गेट वाकून अडकलं. दुसरं दार नव्हतं. गच्चीवरून शेजारी उतरता आलं असतं, पण फक्त मला; बाबांना जिना चढवत नाही, आणि त्यांना एकटं सोडता येत नाही. वीजही गेली होती.

नगरपालिकेनं उद्यावर ढकललं. शेवटी शेजारचे भाईसाहब आपल्या शेतावरची पेट्रोलवर चालणारी आरी घेऊन आले. टाकी कोरडी होती. सोबत पेट्रोल होतं आणि मोटरसायकलच्या इंजिन ऑइलचा डबा.

"इसमें यही मिलाते हैं?" मी खिडकीच्या गजांतून विचारलं.

"वो वाला ख़तम है, दीदी. तेल तो तेल है. दस मिनट का काम है."

मी त्यांना आरी गजांजवळ धरायला लावली. झाकणाशेजारी स्पष्ट लिहिलं होतं, फक्त टू-स्ट्रोक तेल. कॉलेजात माझ्याकडे तसलीच स्कूटर होती. तिचं तेल पेट्रोलबरोबर जळून जायचं. दुसरं घातलं की नुसता धूर, आणि प्लग काजळून गाडी बंद. इथे तर आरी एकच होती. अर्ध्या खोडात अडकून बसली असती तर?

"ये मत डालिए, भाईसाहब. टू-स्ट्रोक वाला ही लाइए."

ते आपली स्कूटर काढून दतिया गेटच्या बाजाराकडे गेले.

बाबा माझ्या मागेच उभे होते. "तो कापणार होता. तू नको म्हणालीस."

"बाबा, मशीन बिघडलं असतं."

"मशीनचं निमित्त. तूच मला कोंडून ठेवलंयस."

हे आजचं नव्हतं. हिवाळ्यात ते बाजारात रस्ता चुकले, तेव्हापासून मी गेटला कुलूप लावू लागले होते. त्यांच्यासाठी मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि त्याच कुलपाच्या आत राहिले. हे त्यांना सांगण्याऐवजी मी पंचा भिजवला. तो त्यांच्या मानेवर ठेवायला गेले, तर त्यांनी हात झटकला. मग आम्ही दोघं दोन खोल्यांत, घामाने निथळत बसून राहिलो.

भाईसाहब परतले ते दोन तेलं घेऊन. एक बाटलीत भरलेलं सुटं. "सब यही ले जाते हैं," ते म्हणाले. दुसरा सीलबंद डबा. सुट्यात काय मिसळलंय कुणास ठाऊक! मी डब्याकडे बोट दाखवलं आणि आरीवर छापलेलं प्रमाण वाचून दाखवलं. ते मिसळत असताना बाबा खिडकीशी आले.

"अच्छे से हिलाइए भैया, नहीं तो नीचे बैठ जाएगा."

आरी सुरू झाली आणि मध्ये कुठेही अडली नाही. खोड बाजूला झाल्यावर मी कुलूप काढलं, भाईसाहबांनी पहारीने गेट सरकवलं, तशी बाबा काठी घेऊन निघाले. मी मागे गेले.

"येऊ नकोस."

मी थांबले. ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. कुठे वळायचं ते त्यांना आठवत नसावं. भाईसाहबांनी माझ्याकडे पाहिलं, आरी खाली ठेवली आणि सावकाश त्यांच्या दिशेनं चालू लागले.

आता ते दोघं रोज संध्याकाळी फिरायला जातात. तेवढा वेळ घर माझं एकटीचं असतं. सुरुवातीला त्यातही माझे कान रस्त्याकडेच असायचे. आता कधीकधी मी झोपून जाते.