सोपानआप्पांची सतरा नंबरची डबी

सोपानआप्पांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला आधी भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागे. विहिरीवरची जळालेली मोटर टेम्पोतून उतरवून माणूस घामाघूम होऊन आत यायचा. तिकडं त्याचा ऊस माना टाकत असायचा, आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "मोटर असू द्या. अगुदर भिंतीकडं बघा." मग पाठीमागून गिटारचा एक छोटासा तुकडा वाजायचा. खट्‌ असा आवाज व्हायचा आणि तोच तुकडा पुन्हा वाजायचा.

"एक का दोन?"

"आप्पा, पाणी तटलंय हो माझं!"

"पाणी कुठं पळून जातंय? एक का दोन?"

उत्तर दिल्याशिवाय मोटरीचा एक नट सैल होत नसे. तळेगाव ढमढेऱ्यातल्या त्या भिंतीवर नाकाच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटला होता. परगावचे लोक तो बघून विचारायचे, की इथं नवस फेडतात काय!

आप्पांचा धंदा मोटारी भरण्याचा, म्हणजे जळलेली तार काढून नवी तांब्याची तार भरून देण्याचा. पण जीव गिटारमध्ये. तरुणपणी दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणा इंजिन ड्रायव्हरकडून ते ती शिकले, आणि पुढं आमच्या ऑर्केस्ट्रात, जिथं मी कॅसिओ वाजवतो, अठरा वर्षं त्यांनी ती वाजवली. इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये पायानं दाबायची एक लोखंडी डबी जोडतात. तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ती दाबली की गिटारचा धुतल्यासारखा स्वच्छ आवाज जाडसर, खरखरीत होतो. रात्रभर भजन म्हणून सकाळी चहा मागणाऱ्या माणसाच्या गळ्यासारखा. अशा त्रेचाळीस डब्या आप्पांकडं होत्या आणि एकजात सगळ्या स्वस्तातल्या. एक मोटर भरायची जी मजुरी, तिच्यापेक्षा महाग डबी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. "महागाची डबी चांगली वाजणारच," ते म्हणत. "त्यात आपली काय हुशारी?"

या त्रेचाळीस डब्यांना आप्पांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची झबली शिवली होती. कंपनीचं नाव झाकलेलं, वर फक्त दोऱ्यानं काढलेला नंबर. "नाव दिसलं की कान झोपतो," आप्पा म्हणायचे. दोन-दोन डब्यांची जोडी लावायची, गिऱ्हाइकाला भिंतीकडं वळवायचं आणि मत वहीत लिहायचं. त्या वहीत जेवढी मतं होती तेवढी आमच्या भागात एकाही आमदाराला पडलेली नाहीत. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचंही एक मत त्यात आहे. दुसऱ्या डबीला तिनं दोनदा मान हलवली होती. मी जरा वाढवून सांगतो असा शिरूरपासून दौंडपर्यंत माझ्यावर आरोप आहे, पण म्हशीचं खरं आहे. मी स्वतः तिथं होतो, भिंतीकडं तोंड करून.

सगळ्या मतांतून जिंकून वर आलेली डबी म्हणजे सतरा नंबर. जांभळ्या खणाचं झबलं होतं तिला. "बाकीच्या डब्या वरडत्यात," आप्पा म्हणायचे, "ही बोलती."

यात्रांचा हंगाम तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. ऑर्केस्ट्राचे मालक नाना दौंडचे. ते स्वतः गाडी काढून तळेगावला आले तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं, कारण नाना मयतीलासुद्धा फोनवरून जातात. मी दुकानातच होतो. नाना आले, चहाला नको म्हणाले, आणि भिंतीकडं न वळता थेट बोलले.

"आप्पा, पुण्याचा एक गडी भेटलाय. केतन म्हणून. त्याचा सगळा सेट भारीतला हाय. ह्या हंगामाला त्यालाच बसवावं म्हणतो."

आप्पांच्या हातातली तार तशीच थांबली. "हाताचं बोलताय का आवाजाचं?"

"हाताला नाव ठेवीन तर जीभ झडंल माझी. पर तुमच्या ह्या डब्यांचा आवाज... आता लोक मोबाइलवर काय काय ऐकत्यात, आप्पा."

"तुम्ही कवा ऐकलाय माझ्या डबीचा आवाज? नाव न बघता?"

शेवटी ठरलं ते असं : आठ दिवसांनी दौंडच्या मंगल कार्यालयात सगळा ऑर्केस्ट्रा जमेल. केतनची डबी आणि आप्पांची डबी. आपण सगळे भिंतीकडं तोंड करू. ज्या डबीला मतं जास्त, तिचा मालक हंगामाला बसेल. आणि आप्पांनी आणखी एक अट घातली, जी ऐकून मी कपाळाला हात लावला. दोन्ही डब्या केतननंच वाजवायच्या, एकाच गिटारवर.

"आप्पा, वैऱ्याच्या हातात तलवार देताय!"

"दत्तोबा, मी वाजवलं तर तुम्ही सगळे माझा हात वळखाल. मग मत डबीला पडंल का आप्पाला?"

त्या आठ दिवसांत आप्पांचं जेवण तुटलं. न्हावऱ्याच्या एका पाटलाची मोटर त्यांनी अशी भरली की ती उलटी फिरायला लागली. पाटील म्हणतो, विहिरीतलं पाणी वर यायच्याऐवजी त्याच्या टाकीतलंच विहिरीत गेलं. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, बाकीचं जाऊ द्या, पण हे ऑर्केस्ट्रातून उठले तर करतील काय हो? यात्रेत वाजवलेल्या चार दिवसांवर हा माणूस वर्षभर जगतो."

ठरल्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर आम्ही निघालो. आप्पांच्या पाठीवर गिटार, मांडीवर पिशवी, पिशवीत सतरा नंबर आणि डबीला वीज पुरवणारा अडॅप्टर. तोही आप्पांनी स्वतःच्या हातानं तार गुंडाळून केलेला. दौंडला आम्ही तासभर आधी पोचलो. कार्यालय रिकामं. स्पीकरचा सोडला तर स्टेजवर चालू प्लग एकच होता. आप्पांनी डबी जोडली, गिटार गळ्यात घातली आणि तार छेडली.

मी आजवर पुष्कळ भयंकर आवाज ऐकलेत, पण तसा नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तशी ती बोलणारी डबी किंचाळली. आप्पांनी बटणं फिरवली. वायर बदलली. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"डबी बदलली का काय कुणी?" मी विचारलं.

त्यांनी झबलं वर करून बघितलं. डबी तीच होती. मग खिशातून मीटर काढून त्यांनी प्लगमध्ये घातला. काटा बघितला आणि ते स्टेजच्या पायरीवर बसलेच.

"दत्तोबा, हितं लाईट पुरी हाय. पुऱ्या दाबाची."

"मग चांगलंच की!"

"आरं, माझ्या दुकानात कवा असती पुरी?" त्यांनी मीटर खिशात टाकला. "शेतीची लाईट आली की डीपीच्या ट्रान्सफार्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू व्हत्यात. बल्ब लाल पडतो. तवाच मोटारी जळत्यात. आन् मोटर जळली की गिऱ्हाईक माझ्याकडं येतं."

माझ्या डोक्यात अजून उजेड पडेना. त्यांनीच पाडला.

"म्हंजी एक-एक मत पडत्या लाईटीत घेतलंय. माझा अडॅप्टर असा साधा, की लाईट पडली की त्यो बी पडतो. डबीला अर्धपोटी ठेवलं म्हणून ती मऊ बोलायची. पोटभर मिळाल्यावर ही बघ कशी वरडती. पुरी वही चुकली, गड्या. अठरा वर्षाची."

भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास उरला होता. बाहेर नानांची गाडी वाजल्याचा मला चार वेळा भास झाला. आप्पा मात्र छताकडं बघत होते. पुढच्या रांगेवर एक जुना पंखा लटकला होता आणि त्याचा काळा, डब्याएवढा रेग्युलेटर स्टेजच्या कडेला होता. आप्पा उठले. मेन स्विच पाडला, स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि वीस मिनिटांत स्टेजवरचा तो एकुलता प्लग पंख्याच्या वायरीला जोडून टाकला. आता पंखा हळू केला की प्लगमधली वीजही पडायची. रेग्युलेटर पाचावर असला की दौंडची वीज, दोनावर आणला की तळेगावची. त्यांनी दोनावर ठेवून तार छेडली, आणि सतरा नंबर पुन्हा बोलायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी विचारलं असतं तर मी घाम म्हणून सांगितलं असतं.

नाना आले तसे आप्पांनी सगळं सांगून टाकलं. "केतनच्या डबीला पाच नंबर, माझ्या डबीला दोन. चालतंय का?"

"काय जोडायचं ते जोडा," नाना म्हणाले, "पर आवाज मला हितं ऐकू आला पायजे."

केतन तिशीचा, अदबशीर माणूस होता. त्याला शिव्या घालायची माझी तयारी वाया गेली. कोणती डबी आधी ते आप्पांनी त्याच्या कानात सांगितलं. आम्ही सात जण आणि नाना मागच्या भिंतीकडं तोंड करून बसलो. उकडत होतं म्हणून मी पंख्याखालची खुर्ची धरली होती. डोळे गच्च मिटले.

पहिला तुकडा वाजला. मागं आप्पांनी रेग्युलेटर फिरवल्याचा खटका झाला. दुसरा तुकडा वाजला. बाहेरून मालगाडी गेली, तिचे डबे संपता संपेनात. माझ्या मते ती मालगाडी सोलापूरपासून दौंडपर्यंत सलग होती.

"बोटं वर करा," केतन म्हणाला. "एक किंवा दोन." मी दोन बोटं वर केली. नानांचं मत राखीव ठेवलं होतं, बरोबरी झाली तर. केतननं मोजलं. "एकला तीन. दोनला चार." मग खाली बघून म्हणाला, "दोन नंबर आप्पांची होती."

मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. ढोलकीवाल्यानं मला मिठी मारली. आणि त्या गलबल्यात आप्पा स्टेजवरून उतरले, माझ्यापाशी आले, वर बघितलं. डोक्यावर पंखा रेंगाळत फिरत होता.

"दत्तोबाचं मत बाद," आप्पा म्हणाले.

"काय?"

"पंखा तुझ्या डोक्यावर हाय. माझ्या पाळीला हळू झाला. तुला कळलं, डबी कुणाची ते."

"आप्पा, डोळे मिटलेले होते माझे! आईची शपथ!"

"बाद," ते म्हणाले आणि नानांकडं वळले. "तीन-तीन. तुमचं मत काय?"

नानांनी पंचा काढून तोंड पुसलं. त्यांना आता दोन नंबर कुणाची ते ठाऊक झालं होतं. चटकन दोन म्हणाले असते तर अठरा वर्षांची सोबत राहिली असती, आणि कुणी दोष दिला नसता.

"आप्पा, मी आधीच बोट धरलं होतं मांडीवर," नाना कसंबसं म्हणाले. "एक धरलं होतं."

आप्पांनी मान हलवली. मग केतनला म्हणाले, "पयली डबी पुन्यांदा वाजव." केतननं वाजवली. आप्पांनी भिंतीकडं तोंड करून शेवटपर्यंत ऐकली. "गोड हाय," ते म्हणाले. "मला बी हीच आवडली असती. नाना, ह्याला बसवा." त्यांनी पंख्याची जोडणी सोडवून पहिल्यासारखी केली, सतरा नंबरला झबलं चढवलं आणि गिटार, पिशवी उचलली.

परतताना आम्ही केडगावला चहाला थांबलो. कप हातात आल्यावर मी फुटलो. "माणूस स्वतःच्या पायावर असा धोंडा घालतो व्हय? माझ्या एका मताचं काय एवढं?"

"एक मत खोटं चाललं, तर वहीतली बाकीची कशी खरी म्हणायची?" त्यांनी बशीत चहा ओतला. "उद्यापासनं सगळी पुन्हा घ्यायची. मीटर लावून."

"अहो पण ते खोटं नव्हतंच! आयुष्यात एकदाच मी काही न वाढवता, डोळे मिटून, कानानं ऐकून खरं बोललो, आणि तेच तुम्ही बाद केलंत!"

आप्पांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं नाही, दोन डब्यांतली कुठली ते ठरवताना बघायचे तसं.

"डोळं मिटलेलं असतील," ते म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतोय? पर वारा कमी झालेला तुझ्या टकलाला लागलाच असंल की."

मी टकलावरून हात फिरवला. आता हंगामात मी केतनच्या शेजारी कॅसिओ वाजवतो, तो छान वाजवतो, आणि मधेच मला ती दुपार आठवते. ती दोन बोटं माझ्या कानानं वर केली की टकलानं, ते मला अजूनही सांगता येत नाही.