लाल फितींच्या पिना

मिस्त्री तसा भित्रा माणूस. उमेदीची वर्षं हवाई दलात काढली, पण शिडी चढताना त्याचे पाय आजही लटपटत. विमानं त्याने दुरुस्त केली, उडवली दुसऱ्यांनी. लढाईच्या दिवसांत वैमानिकाला खुर्चीत बसवून पट्टे आवळायचं काम त्याच्याकडे होतं. त्यातले काही परत आले नाहीत. त्यांची आठवण निघाली की म्हातारा जेवणावरून उठायचा.

हल्ली गावातले एक बडे साहेब निवडणुकीला उभे होते, आणि मिस्त्री होता त्याच हवाई तळावरून आपण शत्रूवर कसे तुटून पडलो ते प्रत्येक सभेत रंगवून सांगत होते. मिस्त्रीला साहेब आठवत होते ते तळावरच्या कोठारात, रंगाचे डबे रचताना. पण बोलणार कोण? त्याची मुलगी साहेबांच्याच रुग्णालयात नर्स होती आणि अजून कायम झाली नव्हती. अशात एका वर्तमानपत्राने साहेबांच्या पराक्रमावर शंका घेतली, आणि लगेच साहेबांचा माणूस मिस्त्रीच्या दारात हजर.

"काका, चौकात जुनं विमान ठेवलंय. साहेब आत बसतील, तुम्ही पट्टे बांधायचे. फोटो निघाले की झालं."

"माझे गुडघे दुखतात हो."

"ताईंची ऑर्डर निघायचीय ना अजून?" माणूस गोड हसला.

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुलीला गणवेशातच आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते बघूनच मिस्त्रीचं अवसान गळालं. कसाबसा शिडी चढला, साहेबांचे पट्टे आवळले, आणि तिथेच घात झाला. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या त्या खुर्चीला लाल फितींच्या पिना असतात. उड्डाणाआधी मिस्त्रीने त्या काढून समोर धरायच्या, वैमानिकाने मोजून अंगठा दाखवायचा. पिना खुर्चीतच राहिल्या तर बाहेर पडायचा मार्ग बंद, म्हणून वैमानिक हे झोपेतही विसरत नाही. सवयीने मिस्त्रीने पिना समोर धरल्या. साहेबांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि लोकांकडे बघून झेंड्यासारख्या हलवल्या.

गर्दीतल्या जुन्या हवाई दलवाल्यांत खसखस पिकली आणि लगेच विरली.

"काय चुकलं माझं?" साहेबांनी हसरा चेहरा न मोडता दातांतून विचारलं.

तेवढ्यात खालून बातमीदाराने माइक वर केला. "काका, लढाईत साहेबांना तुम्हीच बसवायचात ना?"

मिस्त्रीने मुलीकडे पाहिलं. पांढरीफटक पडलेली पोर जोरजोरात मान हलवत होती, नको, नको. खोटं बोलली म्हणून लहानपणी त्याने तिला एकदा बदडलं होतं. पोरगी खोटं बोलू नका म्हणतेय, त्याच्या मनात आलं, आपल्यापेक्षा धीट निघाली. भीतीतही त्याचा ऊर भरून आला.

"नाही," तो म्हणाला. "हे कोठारात होते. यांना विमानात बसलेलं मी आजच बघतोय."

तो खाली उतरला तेव्हा लोक बाजूला सरले. कुणी त्याच्याकडे बघेना. मुलीने त्याचा दंड धरला आणि त्याला भराभर गल्लीत नेलं.

"तुझ्यामुळे धीर आला गं," तो म्हणाला.

ती थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, मी खरं बोलू नका म्हणत होते."