खाटेवरून उठण्याचा खेळ

हात जोडून दात दाखवणाऱ्या माणसाचा फोटो दिसला की मला मळमळतं. गोंदियात असे फोटो चौकाचौकात लटकलेले असतात, त्यामुळे ही मळमळ बारमाही आहे. पण ज्या फोटोने ती लावली तो माझ्या भाऊजींचा होता, आणि तो मी केलेल्या खेळात घुसला होता.

खेळ ताईसाठी केला होता. माझी थोरली बहीण बिरसीकडच्या एका गावात राहते. न्हाणीत घसरून पडली आणि कंबरेखालचं अंग गेलं. दिवाळीनंतर त्यांच्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, घर पाव्हण्यांनी भरतं, चौकात दंडारीचे कलाकार ढोलावर नाचतात, आणि ताई आतल्या खोलीत खाटेवर पडून नुसता ढोल ऐकते. बायका तिच्या उशाशी बसून हळहळतात आणि हळहळता हळहळता चिवड्याची ताटली संपवतात. मला त्या हळहळीची किळस येते. म्हणून मी ताईला मंडईत फिरवून आणायचं ठरवलं.

खेळात चित्रं नव्हती. स्क्रीनवर ताईच्याच बोलीत दोन ओळी येणार, काय करायचं ते तिने एका शब्दात लिहायचं, मग पुढच्या ओळी येणार. पहिलं पान असं होतं: ‘तू खाटेवर आहेस. बाहेर ढोल वाजून राहिला. आता काय करतेस?’ तिथे लिहायचं, ‘उठ’. मग अंगण, गल्ली, झुला, जिलेबीचं दुकान, आणि शेवटी दंडारीच्या अगदी पुढ्यात जागा.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर फुकटची सिस्टीम आहे, तिथे खेळ छान चालला. भाऊजींचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरची सिस्टीम वेगळी, त्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ताईच्या फोनवर आधी उघडेचना, उघडला तेव्हा कीबोर्डने अर्धी गोष्ट झाकून टाकली. प्रत्येक यंत्राचे नखरे निराळे. शेवटी वैतागून मी सगळं नव्याने लिहिलं, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल अशी एकच साधी फाइल केली आणि ताईच्या फोनमध्ये टाकून द्या म्हणून भाऊजींना पाठवली.

जी फाइल कुठेही उघडते, ती कोणालाही बदलता येते. हे माझ्या डोक्यात आलं नाही. भाऊजींच्या आलं. त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं.

मंडईच्या दिवशी मी पोचले तर अंगणातल्या सगळ्या पाव्हण्यांच्या फोनवर माझा खेळ. आणि प्रत्येक पानावर भाऊजी! गुलाबी जाकीट, जोडलेले हात, खाली ‘समस्त गावकऱ्यांना मंडईच्या हार्दिक शुभेच्छा’. जिलेबी घेतली की भाऊजी. झुल्यावर बसलं की भाऊजी. खेळ सुरूच होत होता मंडईच्या कमानीखाली. खाटेचं पान गायब होतं.

“पहिलं पान कुठे गेलं?” मी विचारलं.

“काढलं ना,” भाऊजी खर्ऱ्याची पिंक थुंकून म्हणाले. “शुभेच्छेत सुरुवातीलेच खाटेवरचा माणूस कायले? अशुभ दिसते. तुले पब्लिकचं काय समजते?”

थुंकी उंबऱ्यालगत पडली. त्याच उंबऱ्याच्या आत त्यांची बायको पडलेली होती. मला त्या तोंडाची, त्या जाकिटाची शिसारी आली. पाव्हण्यांची तर त्याहून जास्त, कारण ते “एक नंबर, एक नंबर” करत तो खेळ एकमेकांना पाठवत सुटले होते. मी सरळ आत गेले. तोंड उघडलं असतं तर त्या दिवशी मंडईत दंडार सोडून सगळे आमच्याच दारात जमले असते.

ताईच्या हातातही तेच कमानीचं पान होतं.

“गेम चांगला आहे वं तुया,” ती म्हणाली. “पण मी इथवर आली कशी? ते तं त्यात नाहीच.”

माझ्या फोनमधली मूळ फाइल मी तिला पाठवली. तिने पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एका बोटाने हळूहळू लिहिलं, ‘उठ’.

‘तू उठली,’ स्क्रीनवर आलं. ‘पायाले सारवण थंड लागून राहिलं.’

आता ती ‘बाहेर’ लिहील म्हणून मी वाट पाहत होते. तिने खेळ बंद केला, परत पहिल्यापासून उघडला आणि पुन्हा ‘उठ’ लिहिलं. मग पुन्हा. बाहेर ढोल चढला होता. जीव ओतून लिहिलेला माझा झुला, माझी जिलेबी, दंडारीपुढची जागा, यातलं तिने काहीच पाहिलं नाही.

भाऊजी दारातून डोकावले. तिच्या हातातल्या स्क्रीनकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“यात माया फोटो काऊन दिसून नाही राहिला?”

ताईने मान वर केली नाही.

“थांबा जी,” ती म्हणाली. “मी उठून राहिली.”