झेंडूचा हार आणि दोनशे टनांचा प्रेस

वाघोलीच्या पुढे, पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात बाबुराव सोनकांबळे एकतीस वर्षं फिटर आहेत. बोलणं कंजूष. नवा माणूस आला की बाकीचे त्याला यंत्रं दाखवतात, बाबुराव आपला डावा हात दाखवतात. त्यावर बोटं तीन. "उरलेली दोन जुन्या प्रेसकडे आहेत. मागून पाहिली, देत नाही." ऐकणारा हसतो, आणि मग दिवसभर हात सांभाळून काम करतो.

नव्या, दोनशे टनांच्या प्रेसला मात्र सेन्सर आहे. दोन पिवळ्या खांबांमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्यात हात गेला की वरून येणारा ठोकळा जागच्या जागी थांबतो. त्याच्या भरवशावर हा प्रेस चालवणारी दीपाली अडकलेला पत्रा बिनधास्त ओढून काढते.

खंडेनवमीला मालकांच्या आईंनी त्या प्रेसला झेंडूचा हार घातला, चांगला गुडघ्यापर्यंत येणारा. तो नेमका त्या पडद्यात लोंबला. दसऱ्याची सुट्टी संपली तरी प्रेस काही सुरू होईना. आणि इथला रिवाज असा, की पहिला नग हारासकटच निघाला पाहिजे. सुपरवायझर केयूर, वय पंचवीस, वाक्य 'बेसिकली'ने सुरू आणि 'सॉर्ट करू'वर बंद. त्याने पॅनेलमधली चावी फिरवून सेन्सर बंद केला, एका नगापुरता. नग निघाला, टाळ्या पडल्या, पेढे फिरले, त्याला फोन आला आणि चावी तशीच राहिली. दीपालीला कुणी सांगितलंच नाही.

बाबुराव पलीकडे कंप्रेसरचा पट्टा बदलत होते. ठोके ऐकू येत होते, छान तालात. सहज मान वर केली तर हार अजून पडद्यातच. मग प्रेस चालतोय कसा?

पाना तिथेच टाकून ते पळाले. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिलेला, तरी पळाले. दीपाली वाकून पत्रा ओढत होती आणि ओढताना तिचा पाय ठोकळा खाली आणणाऱ्या पेडलवर दाबला गेला. बाबुरावांनी लाल बटणावर तळहात आपटला. ठोकळा तिच्या मनगटापासून वीतभर वर थांबला.

केयूर धापा टाकत आला. बाबुरावांनी सेन्सर चालू केला, चावी खिशात टाकली आणि हाराला हात घातला. केयूर पुटपुटला की मालकांच्या आईंनी सुकेपर्यंत काढू नका म्हटलंय, देवाचा कोप होईल.

"मी काढतो. आमच्या घरी बुद्ध. तुमच्या देवाची नि माझी ओळखच नाही, अनोळखी माणसावर रागावून रागावून किती रागावेल?"

हार त्यांनी फेकला नाही. प्रेसच्या माथ्यावर, किरणांपासून हातभर उंच, नीट बांधला. रिपोर्टचं काय, असं केयूरने चाचरत विचारलं. तो तूच लिहायचास, तुझ्या अक्षरात, एवढंच ते म्हणाले.

दीपाली मात्र हात काखेत दाबून उभी होती. या मशीनवर परत बसणार नाही, मला पॅकिंगला टाका, म्हणाली. बाबुरावांनी समजूत घातली नाही. झाडूचा दांडा आणून तिच्या हातात दिला, स्वतः पेडल दाबलं. ठोकळा खाली निघाला.

"घाल दांडा."

दांडा पडद्यात शिरला, ठोकळा थांबला.

"परत."

पाचव्या खेपेला तिने डोळे मिटणं सोडलं. नवव्या खेपेला दांडा केयूरच्या हातात दिला, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "काका, पाय बाजूला घ्या. पेडल माझं आहे."